वितोरियाच्या गल्ल्या वाकड्या का? एका जुन्या स्पॅनिश गावाची वाढ

प्रश्न असा आहे: उत्तर स्पेनमधल्या वितोरिया शहराच्या नकाशात मधोमध बदामाच्या आकाराचा एक दाट ठिपका दिसतो, आणि आत सगळ्या वाकड्या गल्ल्या. स्पेनमध्ये काही शतकं मुस्लिम राजवट होती, म्हणजे हा भाग अरबी बांधणीचा समजायचा का? नसेल तर गावाला हा आकार आला कसा, आणि दोन दिवसांच्या मुक्कामात कुठला भाग कधीचा हे आपलं आपल्याला ओळखता येईल का?

अरबी बांधणीचा मुळीच नाही. वितोरिया ज्या आलावा प्रांतात आहे तिथे आठव्या-नवव्या शतकांत कोर्दोबाच्या मुस्लिम राज्याच्या फौजा स्वारीला येत आणि लूट घेऊन परत जात. शहर वसवून त्या राहिल्या नाहीत. तरी प्रश्न रास्त आहे. गल्ली वाकडी दिसली की अरबी आणि सरळ दिसली की रोमन किंवा आधुनिक, हा ठोकताळा स्पेन पाहणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. तो मोडून काढायला वितोरियाइतकं सोयीचं गाव क्वचितच सापडेल.

वाकडेपणाच्या दोन जाती असतात. तोलेदो किंवा कोर्दोबाच्या जुन्या भागात गल्ली झाडासारखी वाढते. मोठ्या रस्त्याला फांदी फुटते, फांदीला डहाळी, आणि ती डहाळी कुणाच्या तरी दारापाशी संपते. अशा बंद बोळाला तिकडे 'आदार्वे' म्हणतात. तो आतल्या चार-सहा घरांचा खासगी असल्यासारखाच, रात्री दार लावून घेता येई असा. वितोरियातल्या गल्ल्या शिडीसारख्या आहेत. लांबलचक रस्ते एकमेकांना समांतर वळत जातात आणि त्यांना आडवे, आखूड, छातीवरचे चढ जोडतात. पहिल्या रचनेत घरं आधी आणि त्यांच्यामधून उरलेली वाट म्हणजे रस्ता. दुसरीत रस्ता आधी आखला आणि मग घरांना जागा वाटून दिल्या. म्हणून कुठल्याही जुन्या गावाचा नकाशा हाती आला की आधी बोळ बंद होतात की आरपार जातात ते बघा. रस्ता किती वाकडा आहे हे त्यानंतर.

मग मुद्दाम आखलेले रस्ते वाकडे का निघाले? टेकडीमुळे. भोवतालच्या सपाट मैदानातून सुमारे वीस मीटर वर आलेली, दक्षिणोत्तर लांबट अशी एक टेकडी आहे, आणि तिच्या उतारावर एका पातळीत राहायचं तर रस्त्याला टेकडीबरोबर वळावंच लागतं. ओझ्याची गाडी बैलांनी ओढायची असेल तर सपाट वाट हवी. चढ फक्त पायी माणसाला आणि पावसाच्या पाण्याला परवडतो. म्हणून लांब रस्ते समपातळीवर आणि आडवे चढ सरळ उतारावर. स्थानिक लोक त्या आडव्या चढांना 'कान्तोन' म्हणतात. संपूर्ण बदाम (तेही त्याला 'आल्मेन्द्रा' म्हणजे बदामच म्हणतात) एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला दहा मिनिटं पुरतात.

आता वाढीचा क्रम. पाठ्यपुस्तकी उत्तर ११८१ पासून सुरू होतं: नावार्राचा राजा सांचो सहावा, ज्याला 'शहाणा सांचो' म्हणतात, त्याने या टेकडीवर 'नोवा विक्तोरिया' नावाचं गाव वसवून त्याला सनद दिली. सनद म्हणजे तिकडचा 'फुएरो'. गावात राहायला येणाऱ्याला कोणते हक्क, किती कर, न्याय कोण करणार, हे सगळं लिहून दिलेलं. नमुना लोग्रोन्यो गावाच्या १०९५ च्या सनदेचा होता. राजाचा हेतू उघड होता. पलीकडे कास्तियाचं राज्य वाढत होतं, सीमेवर तटबंद आणि राजनिष्ठ गाव हवं होतं, आणि नुसता किल्ला बांधण्यापेक्षा सवलती देऊन व्यापारी-कारागीर आणून बसवणं स्वस्त पडतं.

पण ११८१ हे गावाचं जन्मवर्ष धरलंत तर पहिलीच चूक होते. टेकडीवर गास्तेइस नावाचं खेडं आधीपासून होतं. १०२५ च्या एका यादीत त्याचं नाव येतं. सान मियान मठाला आलावातली कुठली गावं लोखंडाच्या रूपात किती देणं देतात, याची ती यादी. सांता मारिया कॅथीड्रलच्या पोटात झालेल्या उत्खननाने तर हा काळ आठव्या शतकापर्यंत मागे नेला. खांब रोवलेले खड्डे, लाकडी घरं, पुढे लांबच लांब मोठी घरं, आणि ११ व्या शतकाच्या उत्तरार्धातला दगडी तट. म्हणजे सांचोने सनद दिली तेव्हा तट उभा होता, खेडं भरभराटीचं होतं, राजाने त्याला नवं नाव आणि कायदा दिला. स्पेनमधल्या बऱ्याच 'स्थापना' अशाच असतात; स्थापनेचं साल म्हणजे कागदाचं साल. शहराचं आजचं अधिकृत नाव वितोरिया-गास्तेइस असं जोडनाव आहे, त्यात दोन्ही गोष्टी शिल्लक राहिल्या.

या पहिल्या गावाला 'विया सुसो', वरचं गाव, म्हणत. माथ्यावरचे तीन समांतर रस्ते, दक्षिण टोकाला सान मिगेलचं चर्च आणि उत्तर टोकाला सांता मारिया. दोन्ही चर्च तटाशी जोडलेली, म्हणजे देऊळही आणि बुरूजही. सांता मारियाच्या भिंती एवढ्या जाड का आणि खालच्या बाजूला खिडक्या का नाहीत, याचं उत्तर तिथे आहे.

१२०० मध्ये लांबलेल्या वेढ्यानंतर गाव कास्तियाच्या आठव्या आल्फोन्सोकडे गेलं. दोन वर्षांनी, १२०२ मध्ये, मोठी आग लागली. वरच्या गावात नव्याने घरं बांधून भागणार नव्हतं, म्हणून पश्चिम उतारावर तीन रस्ते आखले गेले. माथ्याकडून खाली उतरताना क्रम असा: कोर्रेरिया, थापातेरिया, एर्रेरिया. पहिली चामड्याचे पट्टे-वाद्या करणाऱ्यांची, दुसरी जोडे शिवणाऱ्यांची, तिसरी लोहारांची. १२५६ मध्ये दहाव्या आल्फोन्सोने तसाच विस्तार पूर्वेकडे केला: कुचियेरिया म्हणजे सुऱ्या-चाकू करणाऱ्यांची आळी, पिंतोरेरिया म्हणजे रंगकाम करणाऱ्यांची, आणि सर्वात बाहेर हुदेरिया, यहुद्यांची. वर तीन, पश्चिमेला तीन, पूर्वेला तीन. बदाम तयार झाला. दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या रस्त्यांपलीकडे नवा तट आला; पश्चिमेला सान पेद्रोचं चर्च त्या तटाला टेकून उभं राहिलं.

एवढ्या कमी वर्षांत गाव नऊ रस्त्यांचं झालं, आणि नंतर जवळजवळ पाचशे वर्षं त्या बदामाबाहेर फारसं गेलं नाही. वाढ सलग होते हा समज इथे टिकत नाही. मधल्या काळात लोक वाढले, ते त्याच घरांवर मजले चढवून आणि मागच्या बाजूला खोल्या काढून सामावले.

मागची बाजू. बदामात पाहण्यासारखं सर्वात अस्सल काही असेल तर ते हे, आणि बहुतेक जण नेमकं तेच चुकवतात. दोन समांतर रस्त्यांवरची घरं एकमेकांकडे पाठ करून उभी असतात. त्या दोन पाठींच्या मधे एक अरुंद पट्टी सोडलेली आहे, तिला 'कान्यो' म्हणतात. मूळ काम सांडपाण्याचं. घराच्या मागून मोरीचं पाणी, मैला, छपराचं पाणी तिथे पडायचं आणि उताराने गावाबाहेर जायचं. कान्योमुळे मागच्या खोल्यांना उजेड आणि वारा मिळाला आणि दोन रांगांमधे थोडं अंतर राहिलं. लाकडी घरांच्या गावात आगीच्या दृष्टीने ते मोलाचं. पुढे तिथे पडव्या, संडास, कोठ्या घुसल्या आणि पट्ट्या बुजत गेल्या. आता त्यांतल्या काही मोकळ्या करून बागांसारख्या राखल्या आहेत आणि त्या पाहता येतात. रस्त्यावरचा दर्शनी भाग तीनदा बदलला असला तरी मागची भिंत बहुधा जुनी राहते, कारण तिच्यावर पैसा खर्च करायची कुणाला गरज वाटत नाही. घराचं वय ओळखायचं असेल तर पाठीमागून ओळखा.

घराच्या जागा अरुंद आणि खोल आहेत. प्रत्येक कारागिराला रस्त्यावर तोंड हवं, दुकान तिथे, म्हणून दर्शनी बाजू वाटून वाटून चिंचोळी झाली आणि घर आत कान्योपर्यंत लांबत गेलं. तळमजला दगडी, वरचे मजले लाकडी सांगाड्यात विटा भरून. कोर्रेरियाच्या उत्तर टोकाला, कॅथीड्रलसमोर, 'एल पोर्तालोन' नावाचं घर आहे, १५ व्या शतकाच्या अखेरीचं. लाकूड-विटांचं हे काम एकेकाळी गावभर होतं, पण इतर ठिकाणी ते गिलाव्याखाली गेलं. दर्शनी भाग पाहून '१९ व्या शतकातलं घर' असं म्हणायची घाई करू नये. खिडक्यांच्या ओळी १९ व्या शतकातल्या असतील, पण जागेची रुंदी १३ व्या शतकातली असू शकते. एकाच दर्शनी भागामागे दोन जुन्या जागा जोडलेल्या असल्या तर आत मधोमध जाड भिंत सापडते, आणि बाहेरून खिडक्यांच्या अंतरातला किंचित फरक ती भिंत दाखवून देतो.

मोठ्या घराण्यांच्या गढ्यांची गोष्ट वेगळी. १५ व्या शतकात गावात आयाला आणि कायेहा असे दोन गट होते, आणि गावकारभारातल्या पदांवरून त्यांच्यात रक्त सांडायचं. १४७६ मध्ये राजा फेर्नांदोने गावकारभाराची नवी पद्धत लागू करून हे गट मोडले. पद वाटायची पद्धत बदलली, तशी मनोऱ्यासारख्या घरांची गरजही संपली. कुचियेरियातल्या 'कासा देल कोर्दोन'मध्ये हा बदल एकाच जागी दिसतो: बाहेरून १५ व्या शतकातल्या श्रीमंत व्यापाऱ्याचं घर, दारावर दगडात कोरलेला दोरखंड, आणि आत गुरफटलेला १३ व्या शतकातला मनोरा. १५२२ मध्ये उट्रेख्टचा आद्रियान इथे मुक्कामाला असताना आपली पोप म्हणून निवड झाल्याची बातमी त्याला याच घरात मिळाली.

१६ व्या शतकात पैसा कास्तियाची लोकर उत्तरेकडे पाठवण्यातून आणि सम्राट पाचव्या कार्लोसच्या दरबारातल्या नोकऱ्यांतून आला. खालच्या आळ्यांत जागा चिंचोळ्या, म्हणून प्रासाद बांधणाऱ्यांनी माथा पकडला. तटाचं लष्करी महत्त्व ओसरलं होतं. मोंतेएर्मोसो १५२४ चा, विया सुसो प्रासाद १५३८ चा, आणि तटालाच चिकटून एस्कोरियाथा-एस्किबेल, जो सम्राटाच्या वैद्याने बांधला. खाली कुचियेरियात १५२५ चा बेंदान्या प्रासाद आहे. आज तिथे पत्त्यांचं, म्हणजे खेळण्याच्या पत्त्यांचं संग्रहालय आहे. वितोरियाचा पत्ते छापण्याचा धंदा मोठा होता. या प्रासादांचा परिणाम नकाशात आजही दिसतो. माथ्यावरच्या जागा मोठ्या आणि मोकळ्या, उतारावरच्या फणीच्या दात्यांसारख्या.

हुदेरियाचं पुढे काय झालं ते रस्त्याच्या नावातच राहिलं. १४९२ मध्ये यहुद्यांना स्पेनमधून हाकललं, आणि गावाने त्या रस्त्याला 'नुएवा', म्हणजे नवा रस्ता, असं नाव दिलं. पुढे तटाबाहेर त्याला समांतर आणखी एक रस्ता झाला तेव्हा पहिला झाला 'नुएवा देन्त्रो', आतला नवा, आणि दुसरा 'नुएवा फुएरा', बाहेरचा नवा. तट पडून गेला तरी तो कुठून जात होता ते ही दोन नावं सांगतात. जाताना यहुद्यांनी आपलं दफनस्थान गावाला दिलं, तिथे कधी बांधकाम करायचं नाही या अटीवर. गावाने ती अट साडेचारशे वर्षांहून अधिक पाळली. १९५२ मध्ये फ्रान्समधल्या बायोन शहरातल्या यहुदी समाजाने तिच्यातून गावाला मोकळं केलं. तिथे आज खुदिमेंदी बाग आहे. शहर वाढताना एखादा हिरवा तुकडा का सुटला याचं कारण कधीकधी असं करारातलं असतं.

१७ वं शतक भराभर ओलांडायला हरकत नाही. व्यापार बसला, लोकसंख्या थांबली, मठ तेवढे वाढले.

गावाने बदामाबाहेर खरं पाऊल टाकलं ते १८ व्या शतकाच्या शेवटी, आणि तिथे अडचण पुन्हा टेकडीचीच होती. बाजार पूर्वीपासून दक्षिण वेशीबाहेर, सान मिगेलच्या पायथ्याशी भरायचा. आज तो विर्खेन ब्लांका चौक. वरचं गाव आणि खालचा बाजार यांच्यामधे उतार एवढा की एका बाजूने तळमजला आणि दुसऱ्या बाजूने तिसरा-चौथा मजला व्हावा. १७८१ मध्ये खुस्तो आंतोनियो दे ओलागीबेल या स्थानिक वास्तुकाराने नव्या चौकाचा, 'प्लाथा नुएवा'चा आराखडा केला; काम १७९१ पर्यंत चाललं. चौक जवळपास बरोबर चौरस, बाजू सुमारे ६१ मीटर, म्हणजे त्या काळच्या मापात २२० पाऊल. चारही बाजूंनी कमानींची ओसरी, एका बाजूला नगरपालिका. स्पेनमधले असे बंदिस्त चौक बऱ्याचदा दाट वस्ती पाडून मधे कोरलेले असतात. वितोरियात तो बदामाच्या कडेला, मोकळ्या जागेत आला, म्हणून त्याचे कोन एवढे नेटके आहेत.

पण चौक खाली आणि जुनं गाव वर. हा सांधा ओलागीबेलने ज्या बांधकामाने जोडला ते 'लोस आर्कियोस', छोट्या कमानी. १७८७ पासून पुढची पंधराएक वर्षं हे काम चाललं. युक्ती अशी की उतार भिंत घालून अडवायचा, पण ती भिंत म्हणजे राहत्या घरांची रांग करायची. वरच्या बाजूने पाहिलं तर कमानींखालून सपाट चालत जाण्याची वाट आणि वर घरं. खालच्या रस्त्यावरून पाहिलं तर त्याच घरांना अनेक मजले जास्त. मातीचा रेटा घरांच्या आडव्या भिंती घेतात. नुसती भिंत घातली असती तर ती फुगली असती. ओल्या मातीचा रेटा आणि अडलेलं पाणी अशा भिंतींचा जीव घेतं. घरं केल्यामुळे भाडंही मिळालं आणि खर्च निघाला. माझ्या मते अख्ख्या वितोरियात हुशारीची गोष्ट हीच. लोक मात्र तिथे उभं राहून चौकाचे फोटो काढतात.

आर्कियोसच्या वरच्या अंगाला 'माचेते' चौक आहे. सान मिगेलच्या मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात एक कोयता ठेवलेला असे. गावाचा प्रतिनिधी त्याच्यावर शपथ घ्यायचा, आणि शपथ मोडली तर त्याच कोयत्याने मान जाईल असं त्याला ऐकवलं जायचं.

२१ जून १८१३ ला गावाबाहेर नेपोलियनच्या भावाच्या फौजेचा पराभव झाला. शहर लुटीतून वाचलं, त्याचं श्रेय वितोरियाच्याच जनरल आलावाला दिलं जातं. (हा गृहस्थ ट्राफल्गार आणि वॉटर्लू या दोन्ही लढायांना हजर होता, असं म्हणता येणारी माणसं फार थोडी.) हे वाचणं किती महत्त्वाचं होतं ते शंभरएक किलोमीटरवरच्या सान सेबास्तियानमध्ये कळतं. ३१ ऑगस्ट १८१३ ला ते शहर जळलं, जवळपास एकच रस्ता राहिला, आज त्याचं नावच '३१ ऑगस्ट' आहे. तिथला 'जुना भाग' म्हणून दाखवतात ती बहुतेक घरं आगीनंतर नव्याने, ठरवून बांधलेली. दोन्ही गावं 'जुनी', पण वितोरियात मध्ययुगीन जागेची वाटणी शिल्लक आहे आणि सान सेबास्तियानमध्ये १९ व्या शतकाची शिस्त.

१८६२ मध्ये रेल्वे आली. स्टेशन दक्षिणेला मैदानात, जुन्या गावापासून थोडं अंतर राखून. मग चौकापासून स्टेशनापर्यंत सरळ रस्ता झाला, आधी 'स्टेशन रस्ता', नंतर पंतप्रधान दातोच्या नावाचा. स्पेनमध्ये शहराच्या अशा आखीव नव्या विस्ताराला 'एन्सांचे' म्हणतात. बार्सेलोनाचा एन्सांचे अभियंता सेर्दाच्या १८५९ च्या योजनेचा, ११३ मीटरचे ठोकळे आणि २० मीटरचे रस्ते. वितोरियाचा त्यापुढे अगदी लहान, पण तत्त्व तेच: पैसेवाला माणूस उतरून खाली गेला. चौकाभोवतीच्या घरांना पांढऱ्या लाकडी चौकटींचे काचबंद सज्जे लागले ते याच शतकात. थंड, ढगाळ हवेत ऊन घरात घ्यायची ती सोय आहे, शोभा नंतरची.

आणि बदामाचं काय झालं? जे अशा वेळी होतं तेच. मालक खाली गेले, घरं खोल्या-खोल्यांनी भाड्याने गेली, दुरुस्ती थांबली. १९५० मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे ५२ हजार होती, १९८१ मध्ये १ लाख ९० हजारांच्या वर गेली. कारखान्यांसाठी आलेली माणसं मैदानातल्या नव्या वसाहतींत राहिली, आणि जुन्या गावात ज्यांना दुसरीकडे परवडत नव्हतं ते. १९८० च्या दशकात नगरपालिकेने खास आराखडा करून घरदुरुस्तीला अनुदान द्यायला सुरुवात केली. अशा कामात नेहमी चुकतं ते एकच: दर्शनी भाग रंगवला जातो, आणि पाणी मुरतं ते छप्पर आणि मागची भिंत तशीच राहते. लाकडी तुळईचं भिंतीत बसलेलं टोक सर्वात आधी कुजतं, तेही मागच्या बाजूला. सिमेंटचा घट्ट गिलावा दिला तर ओल आत कोंडते आणि कुजणं वेगाने होतं. चुन्याचा गिलावा श्वास घेतो, म्हणून जुन्या लाकूड-विटांच्या भिंतीला तोच लागतो.

चुकीच्या दुरुस्तीचा मोठा धडा सांता मारियात आहे. दगडी छताचा आडवा रेटा तिथल्या खांबांना झेपत नव्हता; खांब बाहेर कलले. मधल्या काळातल्या गवंड्यांनी खांबांच्या मधे आधाराच्या कमानी घातल्या, लोक त्यांना 'भीतीच्या कमानी' म्हणत. १९६० च्या दशकात 'मूळ रूप' परत आणायच्या नादात यांतले काही आधार काढले आणि बुजवलेल्या खिडक्या उघडल्या. दिसायला चर्च स्वच्छ झालं, पण तोल गेला. १९९४ मध्ये ते बंद करावं लागलं. मग आधी संपूर्ण मोजणी, दगडन् दगड कोणत्या काळातला याची नोंद, खाली उत्खनन, आणि त्यानंतर दुरुस्ती. २००० पासून काम चालू असतानाच लोकांना आत नेऊन दाखवायला सुरुवात झाली, आणि २००२ मध्ये या प्रकल्पाला युरोपा नोस्त्रा हा वारसा-जतनाचा पुरस्कार मिळाला. गास्तेइस खेड्याच्या उत्खननाबद्दल वर जे लिहिलं ते या दुरुस्तीच्या निमित्तानेच कळलं. भेट वाटाड्यासोबतच होते, जागा आधी राखून ठेवावी लागते.

आता दोन दिवसांचा उपयोग कसा करायचा. निघण्यापूर्वी दोन गोष्टी घरबसल्या पाहा. एक, स्पेनची जमीन-नोंदणी, 'कातास्त्रो': तिचा नकाशा इंटरनेटवर फुकट दिसतो आणि प्रत्येक जागेची हद्द त्यात असते. कुचियेरिया आणि कोर्रेरिया मोठ्या करून बघा; फणीचे दाते लगेच दिसतील, आणि जिथे दोन-तीन दाते एकत्र झालेत तिथे कुणी तरी जागा जोडल्या. मात्र बांधकामाच्या वर्षावर विसंबू नका. जुन्या घरांपुढे तिथे सर्रास १९०० लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच की खरं साल नोंदणीला माहीत नव्हतं. दुसरं, राष्ट्रीय भूगोल संस्थेच्या संकेतस्थळावर १९५६-५७ ची विमानातून घेतलेली छायाचित्रं आहेत, 'अमेरिकन उड्डाण' नावाने ओळखली जाणारी. त्यांत वितोरिया म्हणजे बदाम, खाली छोटा एन्सांचे, आणि चोहीकडे शेतं. आजच्या चित्राशेजारी ते ठेवलं की विसाव्या शतकाचं वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

गावात पोचल्यावर लांब रस्त्याने चालू नका, आधी एखादा कान्तोन धरून बदाम आडवा ओलांडा. पश्चिमेकडून चढताना एर्रेरिया, थापातेरिया, कोर्रेरिया, मग माथा, मग उतरताना कुचियेरिया, पिंतोरेरिया, नुएवा देन्त्रो. दहा-पंधरा मिनिटांत १३ वं शतक, त्याआधीचं ११ वं, आणि पुन्हा १३ वं असा फेरा होतो, आणि तो पायांना कळतो. गुडघ्यांची तक्रार असेल तर दोन कान्तोनांत २००७ पासून काचेच्या छताखाली सरकते रस्ते आहेत. त्यांतला एक कान्तोन दे सान फ्रान्सिस्को खाविएर. गोव्याच्या वाचकांना हे नाव ओळखीचं आहे, जुन्या गोव्यात ज्यांचा देह ठेवला आहे तेच सेंट फ्रान्सिस झेवियर, नावार्रात जन्मलेले.

माथ्यावर तट बघताना एक काळजी घ्या: काही भाग अलीकडे दुरुस्त केलेले आहेत. ओबडधोबड, वेगवेगळ्या उंचीचे थर आणि मधेच नंतरच्या घराच्या तुळईसाठी पाडलेली चौकोनी भोकं दिसली की तो तुकडा जुना आणि वापरलेला समजायचा. एकसारखे सांधे, स्वच्छ कडा दिसल्या तर ते नवं काम.

दुसऱ्या दिवशी उत्तर टोकाकडून पोर्ताल दे आरियागा रस्त्याने आत या. 'पोर्ताल' म्हणजे वेस. वितोरियात मोठ्या रस्त्यांच्या नावांत हा शब्द वारंवार येतो, पोर्ताल दे कास्तिया, पोर्ताल देल रेय. वेशी पडल्या, पण त्या रस्त्यावर उभं राहून बदामाकडे तोंड केलं तर वेस कुठे होती याचा अंदाज लागतो, कारण तिथे रस्ता अरुंद होतो आणि घरांची ओळ अचानक आत वळते. तीच खूण पूर्वेला नुएवा देन्त्रो आणि नुएवा फुएरा यांच्यामधे शोधा. तिथल्या काही घरांची मागची भिंत बाकीच्यांपेक्षा जाड लागेल.